टेंभुर्णीच्या कारभाऱ्यावर रोमचा खटला

ऊसतोड सुरू झाली की आमच्या टेंभुर्णीत व्याख्यानांचाही हंगाम सुरू होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हींपायी घरी पोचायला उशीर होतो. यंदा पुण्याहून एक पाहुणे आले होते. नाव सांगत नाही. माणूस भला आणि वाचणारा, शाल-नारळ घेताना जरा लाजणारा. विषय होता सत्तेत चढलेल्या आणि पडलेल्या माणसांचा. बाहेर सोलापूर रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडे चालले होते. आत पाहुण्यांनी रोमच्या सीनेटरांचं आख्यान लावलं. सेजेनस कसा वर गेला, बादशहाचा उजवा हात कसा झाला आणि एका सकाळीत कसा मातीला मिळाला, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मग, गावाला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "सेजेनस बघायला रोमला कशाला जायचं? तुमच्या टेंभुर्णीचा जहागीरदार सदाशिव माणकेश्वर हाच तुमचा सेजेनस. हरिदासाचा कारभारी झाला, इंग्रजाचा पैसा खाल्ला, धनी विकला आणि आपल्याच कर्मानं पडला." टाळ्या झाल्या. सवयीनं मीही वाजवल्या. घरी आलो आणि आपण कशाला टाळी दिली हे आठवून जेवण गोड लागेना.

आधी हा माणूस कोण ते सांगतो, कारण टेंभुर्णीत निम्म्या लोकांना तो ठाऊक नाही. बाकीच्या निम्म्यांना ठाऊक आहे तो 'कोट बांधणारा' म्हणून. सदाशिवपंत माणकेश्वर, कागदांत कुठे कुठे सदाशिवभाऊ. माणकेश्वर नावाचं गाव आजही भूम तालुक्यात आहे, जुन्या शिवमंदिराचं. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात मुख्य कारभारी म्हणून इंग्रजी आणि मराठी दोन्ही बाजूंच्या कागदांत ज्याचं नाव वरचेवर येतं तो हा. टेंभुर्णी त्याची जहागीर. बाजीरावाच्या वाड्यातल्या बायकांच्या ज्या गोष्टी या कारभाऱ्याच्या नावाशी चिकटवतात त्या मी इथे आणत नाही. पाहुण्यांनी आणल्या, तेव्हा मागच्या रांगेतली पेंगलेली पोरं ताठ बसली. त्या गोष्टींचं काम तेवढंच.

आता हरिदासाचं घेऊ. माणकेश्वर मुळात कीर्तन करीत, असं जुने लिहिणारे सांगतात. पाहुण्यांनी 'हरिदास' हा शब्द असा उच्चारला की जणू पंक्तीत तूप वाढणारा पेशव्यांच्या पाटावर जाऊन बसला. पंढरपूर इथून तासाभराच्या वाटेवर. निदान आमच्या भागात तरी या शब्दाला नाक मुरडायला नको होतं. कीर्तनकाराला काय काय यावं लागतं ते पाहा. पूर्वरंगात एका ओळीवर अर्धा तास बोलायचं आणि ओळ सोडायची नाही. समोर कोण बसलंय हे पहिल्या नमनातच ओळखायचं. जांभई दिसली की आर्या सोडून पदावर यायचं. पाटलाला राग येईल असा दृष्टान्त द्यायचा, पण राग येण्याआधी तो हसेल अशी सोय करून ठेवायची. आणि दुसऱ्याचे शब्द, मग ते संताचे असोत नाहीतर पुराणातल्या राजाचे, आपल्या तोंडून असे वदवायचे की ऐकणाऱ्याला मूळ धनीच बोलतोय असं वाटावं. परक्या दरबारात जाऊन वकील याहून वेगळं काय करतो? पेशव्यांना बोलका माणूस हवा होता, त्यांनी बोलण्यात मुरलेला नेमला.

पाहुण्यांना रोमचाच दाखला हवा असेल तर तोही आहे. सिसेरो रोमच्या बड्या घराण्यातला नव्हता, अर्पिनम नावाच्या आडगावचा. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभराचा मुख्य कारभारी, झालेलं नव्हतं. अशाला ते लोक 'नवा माणूस' म्हणत. इसवी सनापूर्वी ६३ साली तो कॉन्सल झाला, आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा कॅटिलिन, जुन्या उमराव घराण्यातला, त्याला भर सीनेटमध्ये 'या शहरातला भाडेकरू' म्हणाला. इतिहासकार सॅलस्टनं ते लिहून ठेवलंय. कॅटिलिनच्या हातात दुसरा मुद्दा नव्हता, म्हणून त्यानं सिसेरोच्या जन्माचा विषय काढला. आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे आधी सावकाराच्या घरी शागीर्द होते असं सांगतात, आणि ते आपण कौतुकानं सांगतो. त्रिंबकजी डेंगळे निमगाव जाळीचा, जासुदीतून वर आलेला. पेशवाईच्या शेवटच्या अंकात वारसाहक्कानं जागेवर बसलेला मुख्य माणूस एकच दिसतो, आणि राज्य त्याच्याच हातून गेलं.

सेजेनसचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण तो ऐकायला छान वाटतो. पाहुण्यांची पहिली चूक साधी आहे. सेजेनस हा चढला तो सीनेटर म्हणून नव्हे. तो दुसऱ्या दर्जाच्या, घोडेस्वार म्हणवणाऱ्या वर्गातला. कॉन्सलपद त्याला मिळालं ते अगदी शेवटी, इसवी सन ३१ साली, आणि ते वर्ष त्यानं पुरं पाहिलं नाही. त्याची सगळी ताकद दोन गोष्टींत होती. बादशहाच्या खास पहाऱ्याच्या पलटणी आधी इकडेतिकडे विखुरलेल्या असत, त्या त्यानं रोमच्या वेशीवर एकाच छावणीत आणल्या आणि त्यांचा सेनापती तो स्वतः. दुसरी गोष्ट अशी की टायबेरियस बादशहा रोम सोडून काप्री बेटावर जाऊन बसला, त्यामुळे बादशहाला काय कळतं आणि बादशहाचं म्हणून लोकांना काय कळतं, यांच्या मधला दरवाजा सेजेनसच्या हातात आला. पहाटे त्याच्या दारात भेटीला येणाऱ्यांची रांग लागे. तशी रोमची रीतच होती. आमच्याकडे पुढाऱ्याच्या ओट्याखालच्या चपला मोजतात, तसंच ते.

पडला तो दिवस पाहुण्यांनी चांगला सांगितला, तेवढं श्रेय द्यायला हवं. ३१ सालचा १८ ऑक्टोबर. सीनेट अपोलोच्या देवळात भरलेली. काप्रीहून बादशहाचं पत्र आलेलं, लांबच लांब, आधी इकडचं तिकडचं, मग सेजेनसबद्दल एक बारीक तक्रार, मग पुन्हा दुसरंच काही. आपल्याला आता नवा अधिकार मिळणार या समजुतीत तो बसलेला. पत्र पुढे सरकलं तसे त्याच्या शेजारी बसलेले लोक एकेक करून उठून दुसरीकडे जाऊन बसायला लागले. शेवटच्या ओळींपर्यंत बाकावर तो एकटा. त्याच दिवशी त्याला गळा दाबून मारलं, आणि पुढे त्याची मुलंही सोडली नाहीत.

आता यात माणकेश्वर कुठे बसवायचा? सेजेनसच्या हातात पलटणी होत्या. माणकेश्वराच्या हाताखाली फौज नव्हती, लेखण्या होत्या. पुण्यात रोमसारखी ती पहाऱ्याची छावणी शोधायचीच असेल तर ती सापडते, पण ती माणकेश्वराची नव्हे. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरानं पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली, बाजीराव महाडमार्गे पळाला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यानं तह केला. इंग्रजांच्या कंपनीचं सहा हजारांहून कमी नाही इतकं पायदळ कायमचं आपल्या मुलखात ठेवायचं, त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी इंग्रजांना विचारल्याशिवाय बोलणं लावायचं नाही, निजाम आणि गायकवाड यांच्यावरचे आपले दावे इंग्रजांच्या लवादावर सोडायचे. १३ मे १८०३ ला हा पेशवा पुण्यात परत गादीवर बसला तो या फौजेच्या संगिनींमधून चालत येऊन. म्हणजे छावणी कंपनीची, आणि तिचा सेनापती म्हणा, दरवाजावरचा माणूस म्हणा, तो नद्यांच्या संगमावरच्या बंगल्यात राहणारा इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट. सेजेनसची जागा पुण्यात आधीच भरलेली होती.

मग कारभाऱ्याच्या वाट्याला काय उरलं? संगम ते शनिवारवाडा, हे अंतर. पायी अर्ध्या तासाचं. ही वाट म्हणजेच त्याचं पद. बाजीरावाला इंग्रजांचं ऐकायचं नसे आणि ऐकत नाही असं सांगायचंही नसे. तो कारभाऱ्याला एक सांगे, कारभारी ते रेसिडेंटाला सांगे, आणि रेसिडेंट भडकला की बाजीराव म्हणायला मोकळा की मी असं बोललोच नव्हतो. तिकडून रेसिडेंटाची मागणी निघे ती कडक, ती वाड्यात पोचेपर्यंत साखरेत घोळावी लागे. संगमावर कारभाऱ्याचं जरा बरं बोललं गेलं की वाड्यात शंका, आणि वाड्यात शाबासकी मिळाली की संगमावर शंका. शिवाय बाजीरावाची ठरलेली रीत अशी की एका कामावर दोन माणसं लावायची आणि दोघांना एकमेकांवर पाळत ठेवायला सांगायची. असल्या तिपाईवर दहा-बारा वर्षं न पडता बसून राहणं ही कसरत आहे. तिला लबाडी म्हणा हवं तर, पण सोपी नव्हे.

या तिपाईवर दोन्ही बाजूंचा पगार घेऊन बसलेला एक माणूस खरोखर होता, आणि त्याचं नाव पाहुण्यांनी घेतलंच नाही. खुश्रू मोदी, रेसिडेंट बॅरी क्लोज याचा विश्वासू मदतनीस. इंग्रजांची नोकरी करता करता त्यानं पेशव्यांकडून कर्नाटकची सरसुभेदारीही मिळवली. १८११ मध्ये एलफिन्स्टन रेसिडेंट होऊन आला. पुढे त्यानं खुश्रूला दोनांतली एक नोकरी निवडायला लावली. १८१५ मध्ये खुश्रू विषानं मेला. घेतलं की दिलं यावर लिहिणाऱ्यांचा अजून वाद आहे. कर्नाटकची ती जागा गेली त्रिंबकजीकडे.

आणि इथेच माणकेश्वराचं 'पडणं' येतं. आपण पडणं म्हटलं की फाशी, कैद, मिरवणूक असलं काही मनात येतं. तसं काहीच झालं नाही. १८०२ च्या पळापळीत पत्राचं उत्तर झपाट्यानं पोचवणारा त्रिंबकजी धन्याच्या मनात भरला होता. १८११ नंतरच्या तीन-चार वर्षांत रेसिडेंटाशी बोलायची वाट त्याच्याकडे गेली. बस, एवढंच. माणकेश्वर घरीच होता, जहागीर होती, पागोटं होतं, 'कारभारी' हा शब्दही होता. पद राहिलं, पत गेली. ओट्याखालच्या चपला दुसऱ्याच्या ओट्याखाली गेल्या. बाकावरून उठून जाणाऱ्यांची ती रोमची गोष्ट पुण्यातही घडली असणार. फरक एवढाच की तिथे ती एका सकाळीत झाली आणि लिहून ठेवली गेली, इथे दोन-तीन वर्षं लागली आणि कुणी लिहून ठेवली नाही.

बाजीरावाच्या दरबारात सेजेनसच्या जवळ जाणारा कुणी असेल तर तो त्रिंबकजी. एका माणसाच्या लहरीवर चढलेला, त्याच्यासाठी काहीही करायला तयार. त्याचीही गोष्ट आमच्याच मुलखात फिरली. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले, अहमदाबादच्या इजाऱ्याचं भांडण चाललं, सोयरिकीपर्यंत गोष्टी गेल्या आणि फिस्कटल्या. २० जुलै १८१५ ला पंढरपुरात, विठोबाच्या देवळातून परतताना, शास्त्रींना मारेकऱ्यांनी तोडलं. एलफिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहायला गेला होता. खुनाचा ठपका त्रिंबकजीवर आला. सप्टेंबरात बाजीरावानं त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. आपला माणूस एका कागदानं सोडून देणं, हे मात्र अगदी टायबेरियससारखं. पण टायबेरियसनं तो कागद आपल्या मर्जीनं लिहिला, बाजीरावाच्या मागे पलटण उभी होती. ठाण्याच्या किल्ल्यातून त्रिंबकजी सप्टेंबर १८१६ मध्ये निसटला, जून १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला, आणि १८२९ मध्ये गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला.

आता पाहुण्यांच्या सांगण्यातून गळलेला भाग. त्रिंबकजी ठाण्यात जाऊन बसल्यावर संगमावर बोलायला बाजीरावानं कुणाला पुढे केलं? माणकेश्वराला, आणि मोरो दीक्षितांसारख्या जुन्या माणसांना. म्हणजे जो 'आपल्या कर्मानं पडला' त्यालाच घराला आग लागल्यावर बादली घेऊन बोलावलं. तोवर विहीर आटली होती, हा भाग वेगळा. १८१७ साली, पेशवे आणि इंग्रज यांच्यातली खडकीची लढाई व्हायच्या आधीच, माणकेश्वर वारला. त्यानं पेशवाई बुडताना पाहिली नाही. बुडवताना पाहिली.

पैशाचा आरोप उडवून लावणाऱ्यांतला मी नाही. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना पैसे देऊन आतली बातमी घ्यावी, असा विचार इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येतो, आणि तो विचार कागदावरच राहिला असं समजायला मी दुधखुळा नाही. पण 'पैसा घेतला' आणि 'धनी विकला' या दोन वाक्यांच्या मध्ये एक वाक्य पाहुण्यांनी खाल्लं. विकायला माल लागतो. कोणता माल विकला? वसईचा तह माणकेश्वरानं लादलेला नाही. होळकरासमोर पायाला पाय लावून पळालेल्या पेशव्यानं जीव आणि गादी वाचवायला तो केला. १८१७ च्या मे महिन्यात त्रिंबकजीला हजर करण्याचा जामीन म्हणून रायगड, सिंहगड आणि पुरंदर हे तीन किल्ले इंग्रजांना दिले गेले. कुणाची लाच होती त्यात? छावणीची होती. १३ जूनच्या पुण्याच्या तहात मराठी राज्यसंघाचं पुढारपण बाजीरावानं लेखी सोडलं. या तिन्ही कागदांमागे थैली शोधू गेलं तर तोफ सापडते. ज्याच्या घरात दरोडेखोर आधीच मुक्कामाला आहेत त्याच्या दिवाणजीनं किल्ली विकली, असा हा आरोप आहे.

शिवाय तो काळ. एका दरबारानं दुसऱ्या दरबारच्या माणसांना द्यायच्या पैशाला तेव्हा 'दरबारखर्च' म्हणत आणि तो उघड खात्यावर पडे. बंगालमध्ये मीर जाफरला गादीवर बसवताना क्लाइव्हनं स्वतःसाठी दोन लाखांहून जास्त पौंड घेतले, वर जहागीर घेतली. पुढे पार्लमेंटनं विचारलं तेव्हा, आपण इतक्या थोडक्यावर कसं भागवलं याचंच त्याला नवल वाटलं. त्याला आपले पाहुणे 'साम्राज्याचा संस्थापक' म्हणतील. माझी हरकत नाही, मापं मात्र दोन वापरू नका.

रोममध्ये असा आरोप सेनेकावर झाला होता. सेनेका सीनेटर, तत्त्वज्ञ, नीरोचा शिक्षक आणि मग त्याचा कारभारीच म्हणा. ५८ साली सुइलियस नावाच्या माणसानं विचारलं की बाबा, कुठल्या शहाणपणानं तू चार वर्षांत तीस कोटी सेस्टर्स जमवलेस? प्रश्न रास्त होता. पण विचारणारा सुइलियस आधीच्या बादशहाच्या काळात लोकांवर खटले भरून गब्बर झालेला, आणि लवकरच तोही हद्दपार झाला. इतिहासकार टॅसिटस आरोपही देतो आणि आरोप करणारा कोण होता तेही देतो. पुढे ६२ साली सेनेकानं नीरोला सांगितलं, हे सगळं परत घ्या आणि मला सोडा. नीरोनं गळ्यात गळा घालून नाही म्हटलं. तीन वर्षांनी एका कटात नाव गोवलं गेलं आणि सेनेकाला आपल्या हातानं शिरा कापून घ्याव्या लागल्या. लहरी धन्याजवळ श्रीमंत होऊन बसलेल्या माणसाला ना राहता येतं ना निघता येतं, हे सेनेकाचं दुखणं. पाहुण्यांना रोमचा माणूस हवाच होता तर हा जवळचा होता. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, कारण सेनेका म्हटलं की श्रोता क्षणभर थांबतो, आणि सेजेनस म्हटलं की टाळी वाजते.

पण सेनेकालाही मी माणकेश्वराच्या शेजारी पूर्ण बसू देणार नाही. सेनेकाची पुस्तकं आहेत. सिसेरोची तर शेकडो पत्रं आहेत, त्यांत तो रडतो, बढाया मारतो, कर्ज काढतो, सगळं त्याच्याच तोंडून. त्यांच्यावर आरोप झाले ते भरलेल्या सभेत, आणि उत्तरं द्यायला जागा होती. माणकेश्वराला सभा नव्हती. बाजीरावाच्या दरबारात 'माझं म्हणणं नोंदवून घ्या' असं म्हणायची सोय नव्हती. आपण त्याच्याबद्दल जे वाचतो त्यातलं मोठं पारडं रेसिडेंटांच्या पत्रांचं आणि त्यावरून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचं. या पत्रांत कारभारी इंग्रजांचं ऐकतो तेव्हा समजूतदार असतो, आणि आपल्या धन्याचं ऐकतो तेव्हा कारस्थानी होतो. आरोपपत्र लिहिणारा रेसिडेंट, साक्षीदार तोच, आणि निकालही त्याचाच. एवढ्या कागदांवर आमच्या तालुक्याच्या कोर्टात बांधाचा दावासुद्धा टिकणार नाही.

एक गंमत सांगतो. एलफिन्स्टन हा ग्रीक-लॅटिन ग्रंथांत रमणारा माणूस. संगमावरच्या बंगल्यात त्याचं पुस्तकांचं कपाट होतं, ५ नोव्हेंबर १८१७ ला बंगल्याबरोबर तेही जळालं. असा माणूस पुण्याच्या दरबाराकडे पाहताना कुठल्या चष्म्यातून पाहील? त्याच्या ओळखीचे लहरी बादशहा, मर्जीतले गुलाम, विकाऊ मंत्री, हे सगळे पुस्तकातून आधीच येऊन बसलेले. आणि हे एलफिन्स्टनपुरतं नव्हतं; बिशप हेबरनं चुनारला त्रिंबकजीला पाहिलं आणि त्याच्यावर इंग्रजीत एक गीतच लिहिलं. आमचे पाहुणे टेंभुर्णीला येऊन माणकेश्वराला रोमन झगा चढवतात तेव्हा त्यांना वाटतं आपण नवी तुलना केली. तो झगा दोनशे वर्षांपूर्वी संगमावर बेतलेला आहे.

आणि इंग्रजांशी बोलणारा तो फितूर, हे सूत्र लावायचं तर मोरो दीक्षितांचं काय करायचं? इंग्रजी पलटणीतल्या कॅप्टन फोर्डशी त्यांची दोस्ती. लढाई जवळ आली तेव्हा, दोघांतला जो मरेल त्याच्या बायकापोरांकडे दुसऱ्यानं पाहायचं, असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला होता, असं ग्रँट डफ लिहितो. खडकीच्या माळावर त्या दिवशी जरीपटका मोरो दीक्षितांजवळ होता, आणि ते पडले ते फोर्डच्या बाजूनं आलेल्या गोळ्यानं. माणकेश्वराच्या पंक्तीला बसून संगमावर बोलणी करणारा हा माणूस. पाहुण्यांच्या यादीत त्याला रकानाच नाही.

माणकेश्वर गुन्हेगार आहे तो वेगळ्या कलमाखाली, आणि तिथे मी पाहुण्यांच्या बाजूनं उभा राहीन. बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्यानं देत, म्हणजे जास्त बोली लावेल त्याला. आज दिलेली मामलत उद्या जास्त बोली आली की काढून घेत. त्यामुळे मामलतदार पहिल्या दिवसापासून वसुलीला लागे. होळकरांच्या फौजा मुलूख तुडवून गेल्या, १८०३-०४ चा दुष्काळ पडला, गावं ओस पडली, तरी बोली चढतच राहिली. बाजीरावाच्या खासगी खजिन्यात पाच कोटींहून जास्त साठले असं ग्रँट डफ म्हणतो. या यंत्रावर मुख्य कारभारी म्हणून ज्याची नजर होती त्याला 'मी फक्त निरोप्या होतो' असं म्हणता येणार नाही. कोटाच्या भिंतीतला दगड कुणाच्या बैलांनी ओढला, तो दुष्काळ कुणी सोसला, यावर व्याख्यान द्या, मी सतरंजी घालायला येतो. पण तो आरोप करताना माणकेश्वर एकटा राहत नाही. त्याच्या वर बाजीराव येतो, खाली इजारदार येतो, सावकार येतो, आणि मग शेवटी श्रोत्यांतल्या काही जुन्या घराण्यांचे पणजोबाही येतात. फितुरीचा आरोप बरा, तो एकाच्या डोक्यावर बसतो आणि बाकीचे चहा घेऊन घरी जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे स्टँडवर भेटले. पुण्याची गाडी लागायची होती. मी जे वर लिहिलंय त्यातलं थोडं त्यांना सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, पण तुलना केल्याशिवाय लोक ऐकत नाहीत." मी त्यांना आष्टी विचारली, मोहोळ तालुक्यातली. त्यांना ठाऊक होती. २० फेब्रुवारी १८१८. इंग्रजी घोडदळ अंगावर आलं तेव्हा बापू गोखले लढता लढता पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले, आणि पेशवा पालखी सोडून घोड्यावर बसून निघून गेला. जूनमध्ये तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालाना आठ लाख रुपये ठरले. तेवढ्यावर गंगाकाठी बिठूरला तो १८५१ पर्यंत राहिला, लग्नं केली, दानधर्म केला, म्हातारा होऊन मेला.

गाडी लागली. पाहुण्यांनी खिडकीतून हात केला. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी शेजारी उभे होते, त्यांच्या हातात पुढच्या वर्षीचे विषय लिहायची वही होती. म्हटलं, लिहा, 'बिठूरची तेहेतीस वर्षं'. त्यांनी लिहिलं, पेन कानावर ठेवलं आणि विचारलं, "पण यात पडतं कोण?"